गाणं म्हणता येता कामा नये

माझं हृदय दुबळं झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं, चला, आता उरलेलं आयुष्य पडून राहायची सोय झाली. पण त्यांनी गोळ्यांच्या जोडीला व्यायाम लिहून दिला. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर. मी बसखात्यातला निवृत्त तिकीट तपासनीस. कुठेच न पोचणाऱ्या वाहनात बसणं मला तत्त्वतः मान्य नव्हतं. खरं कारण भीतीचं होतं. इंजिन खिळखिळं झालेली गाडी कोणी मुद्दाम चढावर घालतं का? बायकोचं रडून झालं, रुसून झालं. मी जागचा हललो नाही.

मग एका संध्याकाळी आमच्या खालच्या मजल्यावरचा टेलर वर आला. धापा टाकत दारातच बसला आणि म्हणाला, "माझंही हृदय तुझ्यासारखंच झालंय रे. एकट्याला जायचं धाडस होत नाही. सोबतीला चल ना."

दुसऱ्याला सोबत करायची म्हटलं की भित्रा माणूसही शूर होतो. मी गेलो.

तिथल्या व्यायामाच्या बाईंचा नियम साधा होता. पायडल मारताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. बोलणं तुटायला लागलं की त्या सायकलीचा भार कमी करायच्या, फारच सोपं जायला लागलं की वाढवायच्या. त्यामुळे शेजारी शेजारी बसून आम्ही बोलायचो. आधी अळणी भाजीबद्दल, मग सुनांबद्दल. हे विषय आटले की माणूस नाइलाजाने खरं बोलायला लागतो. मी त्याला सांगितलं की आडवं झालं की मला भीती वाटते. डोळा लागला तर पुन्हा उघडेल ना, या धास्तीने मी बायकोचा श्वास ऐकत पडून राहतो. हे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

"माझंही अगदी तसंच होतं," टेलर म्हणाला.

त्या एका वाक्यावर मला कित्येक दिवस झोप लागली.

हळूहळू मी न थांबता जिना चढायला लागलो. टेलर मात्र अजून कठडा धरून चढायचा. मला त्याची दया यायची. हा आपल्या आधी जाणार असं धरून मी त्याच्यावर दोन शब्द काय बोलायचे तेही ठरवून ठेवलं होतं. चांगले होते.

एके दिवशी त्याचं एक मोठं काम पार पडलं होतं. स्वारी खुशीत होती. सायकलीवर बसला आणि थोड्या वेळाने चक्क गायला लागला. धृपद, अंतरा, मध्ये एक तानही. त्याच भारावर मी स्वल्पविरामाच्या आधाराने कसाबसा बोलत होतो. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग छताकडे. टेलर एकदम गप्प झाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. विनातिकीट माणसं अशीच खिडकीबाहेर बघतात. जन्मभर अशांना पकडलं, आणि हा इतके महिने माझ्या शेजारच्या सीटवर.

घरी आल्यावर बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली.

"भाऊजींना मीच सांगितलं. बाईंनाही माहीत होतं. तुम्ही एरवी गेला असता का?"

"आणि झोपेचं? तेही त्याने सांगितलं?"

"त्याच दिवशी. म्हणून तर मी जरा मोठ्याने श्वास घेते."

आणि मी समजत होतो, वयोमानाने घोरायला लागली आहे.

दुसऱ्या दिवशी जायचंच नाही असा सूड सुचला होता, पण त्यात मरणार मीच होतो. गेलो. टेलर आधीच येऊन सायकलीवर बसला होता. मी पायडल मारायला लागलो आणि बोलायलाही. त्याची धाप, त्याचा कठडा, त्याच्यावर खर्च केलेली माझी दया, सगळं काढलं. एकदाही दम न तुटता. बाईंनी माझा भार वाढवला.

मग मी विचारलं, "आडवं झालं की तुलाही भीती वाटते म्हणालास. तेही खोटंच?"

टेलर पायडल मारत राहिला. तोंडातून शब्द फुटेना.

बाई आल्या, आणि सवयीने त्यांनी त्याच्या सायकलीचा भार कमी केला.