घाटावर जाईपर्यंत

"जा की मग! आईची राख निवली नाही अजून, आणि हा चालला मत द्यायला. कुणी शिवलं की झाली क्रिया बोंबलून, माननीय!"

काका 'माननीय' असं म्हणाले, की ती शिवीच वाटावी.

सुवास चटईवरून उठला. डोकं तुळतुळीत, अंगावर बिनशिवणीचं पांढरं. सव्वीस वर्षांचा, काठमांडूच्या सभागृहातला सगळ्यात लहान खासदार.

"एका मतानं सरकार पडतंय, काका. कुणाला जवळ येऊ देणार नाही."

"एकुलता मुलगा तू तिचा. मधेच मोडलं तर तिनं जायचं कुठं?"

त्याची मोठी बहीण, मेनुका दिदी, दारात उभी होती. आई सदा आजारी. सुवासला कडेवर घेऊन हिनंच वाढवलं. पण तो क्रियेला बसल्यापासून तिलाही शिवायला बंदी. लांबूनच बघायची, लांबूनच डोळे पुसायची.

सभागृहात त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या मोकळ्या ठेवल्या होत्या. एरवी गळ्यात हात टाकणारे आज लांबून नमस्कार करत होते. त्यानं मत दिलं. सरकार वाचलं.

बाहेर पायऱ्यांवर नुसता गोंधळ. पक्षाचे अध्यक्ष, सत्तरी उलटलेला माणूस, गुलालासारखा लाल अबीर घेऊन सरळ त्याच्यावरच आले.

"अध्यक्षज्यू, मी क्रियेत—"

म्हाताऱ्याला कुठलं ऐकू येतंय! त्यानं गालाला, कानाला अबीर फासला आणि गच्च मिठी मारली. सुवासनं त्याला ढकलायला हात वर केले. मग तेच हात म्हाताऱ्याच्या पाठीवर पडले. आई गेल्यापासून त्याला कुणी हातच लावला नव्हता. त्या कोटात तोंड खुपसून तो हमसाहमशी रडला.

टीव्हीवाले म्हणाले, तरुण खासदाराचे आनंदाश्रू.

घरी आला तेव्हा काकांनी टीव्ही बंद केला होता. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

"भटजींना फोन केलाय. घाटावर चल. अंघोळ, आणि सगळं पहिल्यापासून." चपला घालत ते म्हणाले, "आता बसलास की कुणाच्या बापाला शिवू देऊ नको."

ते गाडी काढायला गेले. दिदी दारातच होती.

"म्हणजे आत्ता मोडलंय ना?"

"हं."

"घाटावर जाईपर्यंत?"

त्यानं वर बघितलं.

ती आली. पदरानं त्याच्या कानावरचा लाल रंग पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिली. मग ते तुळतुळीत डोकं दोन्ही हातांनी धरून छातीशी घेतलं.

"कुणाच्याही गळ्यात पडून रडतोस होय रे, गाढवा?"

बाहेर काकांनी हॉर्न दाबला. मग पुन्हा दाबला, लांबलचक.

"दिदी, सोड आता. मला निघायला हवं."