मन्मथाप्पांचा बोका आणि महाराजांचा लोड

फुकट साखर वाटली असती तरी सिरसाळ्यात मन्मथाप्पांच्या किराणा दुकानापुढं एवढी गर्दी झाली नसती. सगळे एका बोक्याकडं बघत होते. पैलवान त्याचं नाव. दिवाळीत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची नसबंदी केली, तेव्हापासून हा गडी तुरीच्या पोत्यावर झोपा काढत होता. आज जीपमधून गावात आलेल्या एका महाराजांनी त्याच्या कपाळावर भस्माचे पट्टे ओढले, शिष्यानं टोपलीतली मांजर बाहेर सोडली, आणि पैलवान तिची मान दातांत धरून भर दुकानात तिच्यावर चढला! बायांनी पदर तोंडाला लावले, पण नजर कुणी हटवली नाही.

"बघा!" महाराज गरजले. "डाक्टरनं कापलं, भस्मानं जोडलं! खुंटल्या वंशाला पालवी फुटली!"

आप्पांच्या बायकोला, शांतादेवींना, रडूच फुटलं. सून शिवांजलीच्या हातातला गोळ्यांचा डबा त्यांनी ओढून घेतला. "बास झाली ही अंबाजोगाईची औषधं. आता भस्मच खायचं."

शिवांजलीचा चेहरा उतरला. मूल व्हावं म्हणून गोळ्या तिनं घ्यायच्या, सुया तिनं टोचून घ्यायच्या. नवरा संगमेश मात्र "मी धडधाकट हाय की" म्हणून दवाखान्याची पायरी चढत नव्हता. मला त्याचा भारी राग यायचा. माझं बांगड्यांचं दुकान शेजारीच. मीच जनावरांच्या डॉक्टरीण वर्षाराणीबाईंना फोन लावला.

वर्षाराणीबाई स्कूटीवरून आल्या आणि ओल्या फडक्यानं त्यांनी बोक्याचं भस्म पुसून काढलं.

"आता बोका थंड पडंल," शिष्य म्हणाला.

बोका महाराजांच्या पाठीमागं ठेवलेल्या लोडाकडं गेला. मघाशी मांजरीची टोपली त्याच लोडाला टेकवून ठेवलेली होती. पैलवाननं लोड हुंगला, त्याचं टोक दातांत धरलं आणि पुन्हा कामाला लागला.

"महाराज," शिवांजलीनं विचारलं, "लोड कधी बाळंत व्हायचा?"

लोक हसून हसून खाली बसले.

"आप्पा, हिकडं या," बाईंनी बोक्याचं शेपूट उचललं. "कापलेलं काई उगवलंय का, तुमीच बघा."

आप्पांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "न्हाई बा. मग चढला कावून?"

"मोठेपणी नसबंदी केली, तर काही बोक्यांची सवय जात न्हाई. माजावरच्या मांजरीचा वास आला, की चढतात. पिल्लं मात्र व्हत न्हाईत. महाराजांनी माजावरची मांजर टोपलीत आणली, एवढाच चमत्कार."

महाराज लोड तिथंच टाकून जीपकडं निघाले.

लोकहो, डोळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं. त्याचं सांगितलेलं कारण खोटं होतं. कुणी चमत्कार दाखवला, की टाळी वाजवण्याआधी "कशामुळं?" एवढं विचारा.

शिवांजलीनं तेच केलं. सासूच्या हातातून डबा घेऊन ती नवऱ्याकडं वळली.

"अहो, बोकाबी धडधाकटच दिसतोय की. उद्या अंबाजोगाईला चला अन् तुमीबी तपासून घ्या."

संगमेश शटर ओढायला लागला.

"शटर मी ओढतो," आप्पा म्हणाले. "तू आधी गाडीत पेट्रोल टाकून ये."