रक्तवाढीच्या गोळ्या

दवाखान्यात सगळ्या आजारांना एक खिडकी, आणि एचआयव्हीच्या गोळ्यांना वेगळी, तीही ऐन येण्याजाण्याच्या वाटेवर. कुठल्या शहाण्याला हे सुचलं होतं कुणास ठाऊक. वर त्या खिडकीतला माणूस असा, की साधं काही विचारलं तरी अख्ख्या व्हरांड्याला उत्तर द्यायचा. म्हणून लॉन्ड्रीत इस्त्री करणारी एक बाई त्याच्याशी अवाक्षर बोलत नसे. बाटली घ्यायची, पिशवीच्या तळाशी सारायची आणि मान खाली घालून निघायचं. गोळ्या लवकर संपल्या तरी पुढच्या तारखेपर्यंतचे दिवस ती तशीच काढायची. कुठे सांडल्या, विकल्या का, हे त्याच्या भोंग्यातून ऐकण्यापेक्षा ते परवडलं.

आणि गेले काही महिने गोळ्या लवकर संपत होत्या.

रक्ताचा रिपोर्ट आला तसं दवाखान्यातल्या सल्लागार बाईंनी तिला फैलावर घेतलं. विषाणू पुन्हा वाढलाय, गोळ्या चुकवतेस, असंच चाललं तर हे औषध लागू पडायचं नाही, मग रडत येऊ नकोस. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन तिने खिडकीवर हात आपटला आणि तुम्हीच कमी गोळ्या घालता, असं सगळ्यांदेखत सुनावलं. त्याने नवी बाटली पुढे धरली. झाकणाखालचं सील शाबूत होतं. आम्ही हात लावत नाही, घरात कोण लावतं ते बघा, म्हणाला.

घरात होतं कोण? ती आणि सासूबाई. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. बाटलीवरचं लेबल खरवडून ती सरळ मिठाच्या बरणीशेजारी ठेवायची, रक्तवाढीच्या गोळ्या म्हणून. लपवलं की लोक शोधतात, उघड्यावर कुणी बघत नाही, असा तिचा हिशेब. हुशारीच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता सासूबाई स्वप्न सांगू लागल्या. त्यांच्या शाळेतल्या बाई छपरावर बसून कपडे धूत होत्या आणि प्रत्येक कपड्याला हजेरी लावत होत्या. हल्ली त्यांना असलं काहीबाही पडायचं आणि सून हसून सोडून द्यायची. आज तिचा कप हातातच राहिला. औषध सुरू केलं तेव्हा तिलाही अशीच स्वप्नं पडली होती. पडतील, घाबरू नकोस, असं सल्लागार बाई म्हणाल्याही होत्या.

"आई, तुम्ही माझ्या गोळ्या घेता?"

सासूबाई वरमल्या नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा. म्हणाल्या, तुझ्या गालांवर मांस चढलं, तू जिना धावत चढतेस, मी गुडघे धरून बसते. म्हातारीला आपणहून एखादी दिली असतीस तर काय बिघडलं असतं?

आता मात्र तिचा तोल सुटला. जी थाप तिने इतकी जपली तिनेच तिचा गळा धरला होता. राग काढायचा कुणावर? त्या खिडकीवर, सासूवर, की आईला कावीळ सांग म्हणून डोळे मिटून मोकळ्या झालेल्या नवऱ्यावर? तिने गोळ्या कसल्या ते सांगून टाकलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. आता आपलं ताट वेगळं होणार, कदाचित घरही, असं तिच्या मनात आलं.

"माझ्या पोराला हेच होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग त्याला नव्हत्या या गोळ्या?"

"होत्या. तुम्हाला दिसतील म्हणून घरी आणायचे नाहीत. कामावर, गॅरेजमध्ये ठेवायचे. सुट्टी असली की राहायच्या, कुणी बसलेलं असलं की राहायच्या. मग सोडूनच दिल्या."

"मला दिसतील म्हणून." सासूबाईंनी कप दूर सारला. "मूर्ख होता. आणि तू त्याहून मूर्ख. मी काविळीचं पथ्य करत बसले त्याचं. सांगितलं असतंत तर छातीवर बसून गिळायला लावल्या असत्या."

गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या. मिठाशेजारची बाटली घेतली, झाकण उघडलं, पेल्यात पाणी ओतलं. डोळे वाहत होते, त्यांनी पुसले नाहीत.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या.