रंगाखालचा तडा

मित्रांनो, मी परांचीची एक जुनी फळी आहे. खरे सांगायचे तर अर्धी फळी. माझा दुसरा तुकडा न्यूयॉर्कच्या न्यायालयातील याच कोठीत माझ्याशेजारी उभा आहे. आम्हा दोघांवर पुराव्याची चिठ्ठी आहे आणि दोघांच्या मनात एकाच माणसाचा राग आहे. तो म्हणजे मुख्य ठेकेदार ब्रॅनिगन.

मी पाइनच्या जंगलातली. शहरात आले तेव्हा कामगार मला ठोकून बघत आणि खणखणीत आवाजाचे कौतुक करत. नऊ वर्षे मी गवंडी आणि विटा पेलल्या. मग एका हिवाळ्यात माझ्या पोटात तडा गेला. परांचीची फळी कधी रंगवत नाहीत, कारण रंगाखाली तडा दिसत नाही. ब्रॅनिगनला हे चांगले ठाऊक होते. तरी त्याने मला राखाडी रंग फासला.

"बघा, नवी नवरी!" म्हणून वर हसलाही मेला.

तिसऱ्या दिवशी इक्वेडोरहून आलेला एफ्राईन तेनेसाका माझ्यावर चढला. बिचाऱ्याने नेहमीसारखे मला आधी टाचेने दाबून पाहिले. मी कण्हले, पण यंत्रांच्या गोंगाटात त्याला ऐकू गेले नाही. मी मोडले आणि तो दोन मजले खाली पडला.

त्याची हाडे जुळली, पण मेंदू पहिल्यासारखा झाला नाही. तो चालतो, जेवतो, म्हणून लोक त्याला बरा झाला म्हणतात. स्वतःच्या मुलीला मात्र तो शेजारणीची पोर समजतो.

ब्रॅनिगनने मला कचऱ्यात टाकायला सांगितले. पण त्या मुलीचा धर्मपिता माकारियो तिथेच कामाला होता. त्यांच्यात मुलीच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला धर्मपिता म्हणजे तिच्या बापाला सख्ख्या भावाहून जवळचा. त्याने माझे दोन्ही तुकडे खांद्यावर टाकून एफ्राईनच्या घरी नेले. एफ्राईनची बायको रोसाउरा मला पाहताच कुऱ्हाड शोधू लागली.

"या मेलीला आधी जाळते मी!"

"वहिनी, जाळलीत तर ब्रॅनिगन पेढे वाटेल. दम धरा."

माकारियोने शोधलेल्या एका वकीलबाईंनी त्यांना समजावले, "दोन वाटा आहेत. कामगार विम्यातून उपचार मिळतील, चूक कुणाची ते कुणी विचारणार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. इथल्या कायद्याने मुख्य ठेकेदार आणि इमारतीचा मालक यांच्यावर दावाही लावता येतो. या देशात राहण्याचे कागद नाहीत म्हणून घाबरू नका."

न्यायालयात ब्रॅनिगन म्हणाला, "फळी धडधाकट होती. हाच तिच्यावर नाचत होता."

"खरं आहे का?" न्यायाधीशांनी एफ्राईनला विचारले.

तो ओशाळून हसला. "असेल बुवा. मला काय आठवतंय?"

रोसाउराने तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. सगळे संपलेच होते. तेवढ्यात वकीलबाईंनी बोलावलेल्या लाकडाच्या जाणकाराने माझी मोडलेली कड सर्वांसमोर धरली. अर्धे लाकूड ताजे, पांढरे होते. उरलेल्या अर्ध्यावर खोलवर राखाडी रंग होता. म्हणजे तडा आधीचा, रंग नंतरचा. ब्रॅनिगनचे तोंड चुन्यासारखे झाले. मित्रांनो, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता!

एफ्राईनच्या जन्मभराच्या उपचारांचा भार ठेकेदार आणि मालक यांच्यावर पडला. माझे मन मात्र भरलेले नाही, कारण मुलगी अजून त्याला परकीच वाटते. म्हणून हात जोडून सांगते, कुणी पडले तर मोडलेली फळी टाकू नका, जपून ठेवा. रंगवलेल्या फळीवर पाय देऊ नका. आणि रंगवणारा दिसलाच, तर त्याचे नाव मला येऊन सांगा.