मामा येईस्तोवर

मी काशाची वाटी बोलतेय. स्टीलच्या भांड्यांनी मध्ये बोलू नये; त्यांना आवाज आहे, नाद नाही.

जनकाबाईच्या सासूनं मला बाळापूरच्या बाजारातून आणलं. या घरच्या पोरांनी पहिला घास माझ्यातून खाल्ला. पुढं घरात स्टील आलं आणि मला तळपायाला तेल चोळायच्या कामाला लावलं. माणसाची जातच अशी. ज्यातून खाल्लं, त्यालाच पाय लावायचे.

सून पल्लवीला लेक झाली, यशोधरा. लेकरू सहा महिन्यांचं झालं तशी जनकाबाई म्हणाली, "पयला घास मामाच्या हातचा. तवर दूधच."

मामा धम्मानंद पुण्याला कंपनीत. त्याला सुट्टी मिळेना. आज येतो, उद्या येतो करत यशूला नववा महिना लागला. कुणी घास उचलला की ती आपलं तोंड उघडायची, आणि ही थोर मंडळी भरल्या तोंडानं हसायची. मला त्या हसण्याची किळस यायची. अंगणवाडीत वजनाचा काटा पुढं सरकेना, तर जनकाबाई म्हणे, "काटाच बिघडला आसंल."

पल्लवी आतल्या आत जळायची. पण सासूपुढं बोलायची टाप नव्हती.

एका दुपारी यशू रांगत आली, मला उचललं आणि दोन नव्या दातांनी माझा काठ कुरतडायला लागली. शेजारची मदीनाबी विरजण मागायला दारात उभी होती.

"जनकाबाई, लेकरू भांडं खाऊन राहिलं, अन् तुमी मामाची वाट बघून राहिल्या."

"रीत हाय ती, मदीनाबी."

"मंग रीतच चारा की तिला. काहून दूध पाजता?"

जनकाबाई विरजण आणायला आत वळली. पल्लवी मात्र उठली. तिनं मला राखेनं लख्ख घासलं, मऊ मुगाची खिचडी माझ्यात कुस्करली आणि यशूला घास दिला. पोरीला ठसका लागला. जनकाबाई धावली, "दूध दे तिला, घास अडकंल."

"थांबा आत्याबाई. शिकून राहिली ती."

यशूनं घास जिभेनं बाहेर ढकलला, पुन्हा आत ओढला, हिरड्यांनी चघळला, गिळला. आणि तोंड उघडलं.

मग रोज काहीतरी नवं. उकडलेल्या रताळ्याची बोटाएवढी फोड ती स्वतःच मुठीत धरायची. अर्धी नाकाला, अर्धी पोटात. अंगणवाडीतला काटाही आपोआप दुरुस्त झाला.

मामा उगवला थेट दिवाळीत. खिरीत बोट बुडवून चाटवायला गेला, तर यशूनं बोटच करकचून चावलं. जनकाबाई हसली. तिचं ते एक हसणं मला पटलं.

आता यशू मला फरशीवर आपटते. माझ्या अंगावर चरे पडलेत, पण पाय कुणी लावत नाही. तुम्हाला एवढंच सांगते. लेकरू तुमच्या घासाकडं बघून तोंड उघडायला लागलं, की त्याला मऊ करून खाऊ घाला. कुणाच्या हातच्या घासाची वाट बघायचीच हौस असेल, तर आपलं ताट झाकून ठेवा आणि बसा उपाशी. बघू, संध्याकाळपर्यंत किती जणांना रीत आठवते.