काउंटरची टिकटिक

उल्हासनगरच्या एका कॉलेजात श्रीपाद सरांनी फ्युजनचं छोटं यंत्र उभं केलं होतं. स्टीलचा पोकळ गोळा, आत तारेची जाळी. हवा उपसून थोडा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, सोडायचा आणि हाय व्होल्टेज द्यायचं. मग काचेतून जांभळा प्लाझ्मा दिसे. अणुकेंद्रं जुळली तर न्यूट्रॉन बाहेर पडणार होते. सोमवारी न्यूट्रॉन मोजणारा काउंटर खरंच टिकटिकला. रिटायरमेंटला आलेल्या सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, प्रिन्सिपॉलना सांगितलं आणि पुण्याच्या एका शास्त्रज्ञ बाईंना बघायला बोलावलं.

सरांची पीएचडीची विद्यार्थिनी वैदेही हिला मात्र तेव्हापासून जेवण जात नव्हतं. बदलापूरला घरी आईनं विचारलं, तर ॲसिडिटी झालीय म्हणाली. यंत्रात ठिणगी उडाली की काउंटर जास्तच टिकटिके, ते तिला खटकत होतं.

सर लेक्चरला गेल्यावर तिनं ड्युटेरियम काढून साधा हायड्रोजन भरला. त्यातून या यंत्रात न्यूट्रॉन निघणं शक्यच नव्हतं. काउंटर गप्प बसू दे, असं मनाशी म्हणत तिनं नॉब फिरवला.

काउंटर टिकटिकला. तितकाच.

गप्प राहावं, असंही तिच्या मनात आलं. पुण्याच्या बाई येतील, प्रकाश बघतील, चहा घेऊन जातील. पण पुढे हेच तिच्या प्रबंधात जाणार होतं.

लेक्चर सुटेपर्यंत ती वर्गाबाहेर थांबली. सर बाहेर येताच तिनं सगळं सांगितलं. तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणत सर लॅबमध्ये आले, स्वतः सगळं पुन्हा केलं आणि टिकटिक ऐकून स्टुलावर बसले.

"सगळ्यांनी पेढे खाल्लेत गं," ते म्हणाले.

"सॉरी, सर."

"तू कशाला सॉरी? उद्या त्या बाईंनी हे दाखवलं असतं, तर मी कुठे तोंड लपवलं असतं?"

त्यांनी तिथूनच बाईंना फोन लावून खरं ते सांगितलं. वैदेही नखं खात उभी होती. तरीही येते, म्हणाल्या बाई.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच येऊन दोष शोधला. काउंटरच्या केबलचं अर्थिंग सैल होतं; ठिणगीचा झटका काउंटरपर्यंत पोचत होता. ते घट्ट केल्यावर एखाददुसरी टिक सोडली तर काउंटर शांत झाला. मग सरांनी पुन्हा ड्युटेरियम सोडला. जांभळा प्लाझ्मा उजळला. तिघंही कान देऊन ऐकत राहिली. टिकटिक काही वाढली नाही.

सर उठले, शर्ट नीट केला आणि प्रिन्सिपॉलच्या केबिनकडे निघाले. सरांनी बोलावलं नव्हतं, तरी वैदेही सोबत गेली.