खिशातलं पितळी कडं

वादळ यायच्या आधी मनोरा आडवा करायचा आणि वादळ गेलं की पुन्हा उभा करायचा. फिलिपिन्समधल्या बिकोलच्या किनाऱ्यावर वायरलेसच्या नादी लागलेल्या माणसाचं आयुष्य यातच सरतं, आणि तेबानचं बरंचसं सरलंही होतं. चाळीस फुटी लोखंडी मनोरा, बुडाशी बिजागरी, टोकाला अँटेना. आज तो तेविसाव्यांदा उभा करायचा होता. पहिल्या खेपेला दोरीला अकरा जण होते आणि जेवायला सोळा. आज तिघं आले, तिघंही साठी उलटलेले, आणि तिघांच्याही घरावरचे पत्रे वादळाने नेलेले.

"बायको म्हणाली, आपलं छप्पर सोडून दुसऱ्याचं लोखंड उचलायला कुठे निघालास?" पिदोंग जीपमधली बॅटरी उतरवत म्हणाला. जन्मभर प्रवासी जीप चालवलेला माणूस, तोंडाला ब्रेक नाही. "निदान कॉफी तरी पाज, मानोय." मानोय म्हणजे दादा; तिघंही तेबानला तसंच म्हणत.

"कॉफी करणारी बेटावर आहे," तेबान म्हणाला.

पिदोंगने जीभ चावली.

तेबानची बायको नेना वारलेल्या बहिणीच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी समोरच्या बेटावर गेली होती, आणि वादळ आधी त्या बेटावरच आदळलं. फोन बंद, बोटी बंद. तिथे चालू होतं ते फक्त चर्चमधलं, दोमेंग या तिथल्या जुन्या वायरलेसवाल्याचं यंत्र. रोज साडेचारला तो वाचलेल्या माणसांची नावं सांगतो आणि दहा मिनिटांत बॅटरी वाचवायला यंत्र बंद करतो, एवढं तेबानला एका पोलिसाने सांगितलं. नावं मात्र त्या पोलिसाला ठाऊक नव्हती.

निघताना धक्क्यावर दोघांचं भांडण झालं होतं. "मी बुडाले तरी तू आधी तुझ्या ताराच तपासशील," ती म्हणाली होती. तेबान काहीच बोलला नव्हता. ते न बोलणं आता तीन रात्री त्याच्या उशाशी बसत होतं.

वीज नव्हती, म्हणून डाख द्यायची कांडी त्याने कोळशावर तापवली. मनोऱ्याच्या टोकाशी अँटेनाला जोडायच्या केबलला प्लग बसवायचा तर आधी पितळी कडं केबलवर ओवायचं, मग प्लगला डाख द्यायचा, मग कडं पुढे सरकवून आवळायचं. कडं ओवायचं विसरलं की प्लग कापा आणि पहिल्यापासून सुरू करा. ही चूक न केलेला वायरलेसवाला जगात नसेल, आणि कबूल करणाराही नसेल. तीस वर्षं तेबान डाख द्यायला बसला की नेना स्वयंपाकघरातून ओरडायची, "कडं?" तो म्हणायचा, "मी काय कालचा पोरगा आहे?" आणि मुकाट्याने कडं ओवायचा.

आज कुणी ओरडलं नाही. डाख गार झाल्यावर त्याला कडं दिसलं, गुडघ्यापाशी, चिखलात.

अडीच वाजून गेले होते. निखारे विझत आले होते. इद्रो सुतार मोडक्या माडाखाली कंबर धरून पडला होता. हा माणूस मुळात दिवसातून चार वाक्यं बोलायचा, आज त्याने एकही खर्च केलं नव्हतं.

"झालं का?" लाग्रिंगने घड्याळ बघत विचारलं. ती पोस्टातून निवृत्त झालेली, वेळेच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही.

"झालं," तेबान म्हणाला. प्लग त्याने नुसता खोचला, वर काळी टेप गुंडाळली आणि कडं खिशात टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग दोरी. लाग्रिंग आकडे मोजायची आणि प्रत्येक आकड्याला चौघं ओढायची. मनोरा वीतभर उठायचा, थांबायचा, करकरायचा. हातांची सालं निघाली. "आपण चौघं मिळून एक धड माणूस होतो," पिदोंग धापा टाकत म्हणाला, "आणि तोही दम्याचा." पावणेचारला मनोरा एकदाचा सरळ झाला. मनोऱ्याच्या ताणाच्या तारा आवळल्या, बॅटरी जोडली, यंत्र लावलं.

काही नाही. नेहमीची खरखरसुद्धा नाही.

पिदोंगने बॅटरी तपासली. लाग्रिंगने बटणं तपासली. तेबानला काहीच तपासायचं नव्हतं. वर वाऱ्याच्या हिसक्याने टेप सुटली होती, प्लग निसटला होता, आणि कडं मांडीला टोचत होतं. त्याने ते काढून टेबलावर ठेवलं.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिघंही त्याच नादातले.

"टेप?" इद्रो म्हणाला. दिवसातलं पहिलं वाक्य. "माझी कंबर मोडली, आणि तू टेप गुंडाळलीस, मानोय?"

"मला लाज वाटली," तेबान म्हणाला. "तुम्ही तिघं दमलेले दिसलात, आणि मला स्वतःचीच लाज वाटली."

"लाज उद्या वाटून घे," लाग्रिंग म्हणाली. "दोरी सोडा."

मनोरा पुन्हा खाली आला. कोळसा पुन्हा फुलवला. या खेपेला केबल पिदोंगने धरली. "कडं?" पिदोंगने विचारलं. थट्टा म्हणून विचारलं असेल, पण कुणी हसलं नाही. तेबानने कडं ओवून त्याला दाखवलं.

दुसऱ्यांदा ओढताना लाग्रिंगनेही मोजणं सोडून दिलं. मोजायला श्वास कुणाकडे होता?

यंत्र लावलं तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. या खेपेला खरखर आली, भरभरून आली. पण नुसती खरखर. यादी संपून पंधरा मिनिटं झाली होती. इद्रो भिंतीला टेकून खाली सरकला. तेबान खुर्चीत बसून राहिला. उद्या साडेचारपर्यंत कसं जगायचं, हे त्याला समजेना.

आणि खरखरीतून दोमेंगचा आवाज आला.

"तेबान, असलास तर बोल. नावं मघाशीच वाचून झाली. माझी बॅटरी मरायला टेकलीये, पण ही बाई मला यंत्र बंद करू देत नाही. दर दोन मिनिटांनी तुला हाक मारायला लावतेय. म्हणते, थांब. कडं ओवायचं विसरला असेल, वर टेप गुंडाळून लपवलं असेल, आता मनोरा खाली घेऊन पुन्हा चढवत असतील. तेबान, आहेस का?"

पिदोंग हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. इद्रोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेबानने बटण दाबलं. लाग्रिंगने माइक उचलून त्याच्या तोंडाशी धरला.

"आहे," तो म्हणाला. "तिला सांग, कडं घातलंय."